घड्याळ धुवायचं की तसंच द्यायचं

आमच्या घरात पहिली सायकल आली ती एका बंद पडलेल्या घड्याळाच्या जिवावर. गोष्ट छप्पन-सत्तावन सालची. मी चिखलीत नवी सून म्हणून आले होते आणि माझे मालक, ज्योतीराम, पिंपरीला नव्या निघालेल्या एका कारखान्यात बदलीवर लागले होते. बदलीवर म्हणजे कच्च्या हजेरीवर. कायमचा माणूस आला नाही तर याला आत घ्यायचं, आला तर याने फाटकावरून घरी परतायचं. पावसाळ्यापर्यंतचे दिवस उशीर न करता काढले तर नाव पक्कं करू, असं त्यांना सांगितलं होतं.

सगळं अडलं होतं ते त्या उशिरापाशी. चिखलीहून पिंपरीपर्यंत तेव्हा नुसती शेतं आणि बाभळी. आता तिथे इमारतीला इमारत चिकटली आहे, नातसून मला रिक्षातून नेते तेव्हा कुठे काय होतं ते मला सांगता येत नाही. तेव्हा हे पहाटे अंधारात निघायचे, पांदीने, शेतांमधल्या चिंचोळ्या वाटेने, चालत जायचे. फाटक वेळेवर बंद व्हायचं आणि एकदा बंद झालं की झालं. दोनदा असं झालं. दुसऱ्यांदा साहेबाने समजावून सांगितलं, "आता आणखी एकदा झालं, तर मला नाव काढावं लागेल."

कासारवाडीला गावाकडची चार पोरं एका खोलीत राहायची. ह्यांनी ठरवलं, तिथेच जाऊन राहायचं. सुट्टीला तेवढं घरी यायचं.

लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते, नव्या सुनेने काय बोलायचं? भांडी घासायला बसले आणि पाठ फिरवून बसले. पण माझ्या सासूबाईंना पाठीवरूनही कळायचं. सुभद्राबाई त्यांचं नाव. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्या चुलीपाशी बसून एकदम म्हणाल्या, "त्या कोंडाजीची सायकल इकायची हाय म्हनं."

कोंडाजी चिंचवडला राहायचा. कोकणात आपल्या गावी कायमचा परत चालला होता. पक्की काळी सायकल, मागे कॅरिअर असलेली. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला होता.

"सायकल घ्याची कशानं?" सासरे म्हणाले. त्यांचं नाव दत्तोबा, आम्ही मामंजी म्हणायचो. "बैल इकून सायकल घ्यावी आन सायकल जुपावी नांगराला?"

"घड्याळ हाय की," आत्याबाई म्हणाल्या.

ते घड्याळ मामंजींच्या वडिलांचं, भिमाजींचं. रेल्वेच्या लाईनवर ते मुकादम होते. त्यांचा साहेब विलायतेला परत जाताना हे घड्याळ त्यांच्या हातात ठेवून गेला. चांदीचं, झाकणाचं, बंडीच्या खिशात ठेवायचं. त्याच्यावर बारीक वेलबुट्टी होती आणि आत कुणाचं तरी इंग्रजी नाव होतं, जे घरात कुणालाच वाचता यायचं नाही. कासारवाडीचे अर्जुनराव, रेल्वेत गार्ड होते, आता घरी बसलेले, त्यांना जुन्या घड्याळांचा नाद. त्यांनी ते एकदा चाकणच्या बाजारात मामंजींच्या हातात पाहिलं होतं आणि म्हणाले होते, "कधी द्यायचं झालं, तर आधी माझ्याकडे या."

पण तेव्हा ते चालू होतं. गेल्या दसऱ्यापासून बंद पडलं होतं.

मामंजी बराच वेळ तंबाखू चोळत बसले. मग म्हणाले, "दिऊ. बापानं दिलं ते नातवाच्या कामाला आलं, तर बाप काय रागवायचा न्हाई."

द्यायचं ठरलं आणि खरी भांडणं तिथून पुढे सुरू झाली. आत्याबाईंचं म्हणणं, आधी दुरुस्त करून घ्यायचं, मग न्यायचं. "मुकं घड्याळ कोन घेतंय? लेक सासरी धाडताना न्हाऊमाखू घालूनच धाडत्यात न्हवं?"

"लेक येगळी, बैल येगळा," मामंजी म्हणाले. "बाजारात शिंगं तासल्याला, तेल लावल्याला बैल दिसला की मी फुडच्या दावणीला जातो. म्हातारा आसनार त्यो. ज्याला घ्याचंय त्यो दात सोता बघंल."

"घड्याळाला कुठं दात आस्त्यात?"

"आस्त्यात. चाकाला आस्त्यात. इचार कुनालाबी."

"मग किडल्यात का न्हाई ते तरी बघून घ्या!"

हे मध्ये पडले आणि आईवडिलांना म्हणाले, "आई, दादा, चतुर्थीला दुकानात दाखवून तरी बघू." पण मामंजी हट्टाला पेटले. घड्याळाला हात लावायचा नाही, म्हणजे नाही.

चतुर्थी आली. आत्याबाई मला घेऊन चिंचवडला गणपतीच्या दर्शनाला निघाल्या. वाटेत त्यांचा एक हात सारखा कमरेशी होता. दर्शन झालं, नारळ फुटला, आणि घराकडे वळायच्या ऐवजी त्या बाजाराच्या बोळात शिरल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कनवटीला घड्याळ आहे.

"आत्याबाई, मामंजी..."

"तू देवाला आलीस. देवाचंच बघ."

बोळात हिंदुराव घड्याळजीची टपरी होती. सातारकडचा माणूस, पोटासाठी इकडे आलेला. डोळ्याला भिंग लावूनच बोलायचा, त्यामुळे एक डोळा मोठा आणि एक बारीक दिसायचा. त्याने मागचं झाकण उघडलं, मग आतलं दुसरं झाकण उघडलं आणि थांबला. भिंग काढलं, पुसलं, परत लावलं.

"मावशी," तो म्हणाला, "हे घड्याळ हाय का देव्हारा?"

मी वाकून पाहिलं. आत सगळं लाल-पिवळं. चाकांच्या दात्यांत हळद बसलेली, कुंकवाचा लगदा झालेला, आणि एका कोपऱ्यात चक्क तांदळाचा दाणा. अक्षता!

आत्याबाईंचा चेहरा पडला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दसऱ्याला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा व्हायची. कोयता, कुळवाची पास, नांगराचा फाळ, तराजू, आणि त्यांच्या रांगेत घड्याळ. बाकीच्यांना वरून कुंकू लावलं की झालं. पण घड्याळाचं काम करणारं सगळं आत. मग देवही आतच असणार, असं आत्याबाईंना वाटलं. म्हणून त्या आधी गुपचूप झाकण उघडून आत हळदकुंकू वाहायच्या, अक्षता टाकायच्या आणि वर तिळाच्या तेलाचा थेंब. लग्न होऊन आल्यापासून दर दसऱ्याला.

"तरी इतकी वर्सं चाललं!" हिंदुराव म्हणाला. "साहेबाचं घड्याळ भलतं भाविक." मग त्याने चिमट्याने थोडा लगदा काढून नाकाशी धरला. "तीळ हाय. पन ह्यात दुसरं बी तेल हाय, मावशी. एरंडेल."

"एरंडेल म्या कदीच न्हाई घातलं," आत्याबाई एकदम ताठ झाल्या.

"मग कुनी?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एरंडेल घरात एकच माणूस वापरायचा. गाडीच्या आसाला वंगण म्हणून.

आत्याबाईंना हसू फुटलं. पदर तोंडावर धरून त्या इतक्या हसल्या की टपरीत बसलेलं गिऱ्हाईकही हसायला लागलं. "आगं, म्हंजी ते बी! आन मला म्हनं, घड्याळाला हात लावायचा न्हाई!"

हसणं ओसरल्यावर आत्याबाईंनी घड्याळ विकायचंय म्हणून सांगितलं आणि धुवावं का ते विचारलं, तेव्हा हिंदुरावाने नीट सांगितलं. सगळं सुटं करून पेट्रोलात धुवावं लागेल. बहुतेक चालू होईल. पण आतलं एक चाक सुईसारख्या बारीक दांडीवर फिरतं, ती दांडी झिजलेली दिसते. काढता-घालताना मोडली तर तिची जोड इथे मिळत नाही, मुंबईला शोधावी लागते. "धुतलं तर माजी मजुरी हाय, म्हनून मी धुवाच म्हननार. पन तुमी इचारलंत म्हनून सांगतो. गिऱ्हाईक कसं हाय ते मला म्हाईत न्हाई. कुनाला चालू लागतंय, कुनाला न उगडल्यालं."

"आन तसंच दिलं तर आतलं समदं घेनाऱ्याला दिसनार," आत्याबाई पुटपुटल्या. हिंदुराव ऐकत होता, पण त्या माझ्याशी बोलत होत्या. "लोकाच्या घरात, परक्या बाप्यापुढं, सुभद्रीनं घड्याळात कुकू भरलं म्हनून हसत्याल. धुऊनच दिऊ. काय म्हंतीस, सगुने? सायकल तुज्या नवऱ्याची हाय."

मला पहिल्यांदाच कुणी असं विचारलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे त्या दांडीशिवाय दुसरं काही येईना. ती मोडली तर घड्याळही नाही आणि सायकलही नाही. पण तेवढं बोलायचा धीर होईना. मी म्हणाले, "आत्याबाई, मामंजींना विचारून करू."

त्यांनी घड्याळ उचललं, परत कनवटीला लावलं. वाटभर माझ्यापुढे चार पावलं चालत राहिल्या. मला वाटलं, रागावल्या.

घरी आल्यावर मामंजी ओट्यावर बसले होते. आत्याबाईंनी घड्याळ त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "एरंडेल कुनी घातलं?"

मामंजींनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग गोठ्याकडे. मग म्हणाले, "एकदाच."

"एकदाच?"

"म्हंजी दर साली एकदाच. मोराच्या पिसानं. आवाज करत हुतं, कोरडं पडलंय आसं वाटलं. आन तुला कसं कळलं?"

आत्याबाईंनी आपलंही सांगून टाकलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. ज्या घड्याळाला कुणी हात लावायचा नाही म्हणून घरात धाक होता, त्याला दोघांनी दोन बाजूंनी, एकमेकांना चोरून, मायेने मारलं होतं.

मामंजी म्हणाले, "धुवायचं न्हाई. खोड सांगून इकायचं. बैल लाथ मारतो आसं सांगून इकला, तर मागनं लाथ बसली तरी घेनारा दारात येत न्हाई. न सांगता इकला, तर बाजारात तोंड दाखवाय जागा ऱ्हात न्हाई."

"सांगनार कोन?" आत्याबाईंनी विचारलं.

"मी सांगीन की."

"न्हाई. कुकू माजं हाय. मीच सांगीन."

बाजारात दुकानदाराशी बोलणं वेगळं, पण परक्याच्या घरात पुरुषासमोर उभं राहून आत्याबाई कधी बोललेल्या नव्हत्या. गावातल्या पाटलाच्या दारावरूनही पदर ओढून, खाली बघत जायच्या. मला सोबत घेतलं ते एवढ्याचसाठी असावं, की उभं राहताना कुणाच्या तरी खांद्याला खांदा लागावा.

गाडी जुंपून आम्ही तिघं कासारवाडीला गेलो. अर्जुनरावांचं घर स्टेशनच्या अलीकडे, बैठं. त्यांच्या मंडळींनी, सावित्रीबाईंनी, पाटावर बसवलं, पाणी दिलं. अर्जुनराव आनंदले. "या, दत्तोबा, या! आणलंत? चालू आहे ना?"

मामंजींनी घड्याळ त्यांच्या हातात दिलं. "बंद हाय. आन बंद का हाय, ते ही सांगंल."

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा हात माझ्या दंडाला होता. आवाज मात्र स्पष्ट होता. "दादा, घड्याळात म्या दर दसऱ्याला हळदकुकू वाहिलं. वरनं न्हाई, आतून. तिळाचं त्याल घातलं. ह्येंनी एरंडेल घातलं. आमी दोगांनी मिळून बंद पाडलं. चिंचवडच्या घड्याळजीनं निसतं उगडून बघितलं, धुतलं न्हाई. आन त्यो म्हनला, धुताना आतली बारीक दांडी मोडायची भीती हाय. एवडं सांगायचं हुतं."

आणि त्या खाली बसल्या.

अर्जुनराव खिडकीशी गेले, झाकणं उघडली. बराच वेळ बघत होते. सावित्रीबाई चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या. मला त्या घड्याळात कासारवाडीचीच ती चार पोरांची खोली दिसत होती.

"चाकं काढली नाहीत ना त्याने?"

"न्हाई."

"मग बरं केलंत." ते परत येऊन बसले. "खरं सांगू? मला चालू हवं होतं. गेल्या वर्षी पुण्याहून एक घेतलं, धुऊन-पुसून लखलखीत केलेलं. लोणावळ्याला लेकीकडे जाईपर्यंत चाललं. उघडलं तर आत तीन घड्याळांचे तुकडे. तेव्हापासून चकाकणाऱ्या घड्याळाची मला धास्तीच बसली. हे बंद आहे, पण आत काय आहे ते मला कळतंय. कुंकू आहे, दुसरं काही नाही."

"आन दांडी?" मामंजींनी पुन्हा आठवण करून दिली. मला वाटलं, आता पुरे करा.

"मोडली तर माझी मोडली. मी घेतो."

हे ऐकताच मामंजींनी खांद्यावरचं उपरणं काढलं, आपल्या हातावर टाकलं आणि त्याखालून हात पुढे केला. बैलबाजारात किंमत अशीच ठरते, उपरण्याखाली बोटं धरून, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. बापड्या अर्जुनरावांनी हात आत घातला आणि जोरात हस्तांदोलन केलं.

"आवं, हात न्हाई हलवायचा! बोटं धरा!"

"कुठली बोटं?"

"तुमाला द्याची तेवडी!"

"दत्तोबा, घरात आपण पाचच माणसं. चोरून कुणापासून ठेवायचं?"

सावित्रीबाईंचा चहा सांडला, इतक्या त्या हसल्या. शेवटी उघड्यावरच किंमत ठरली. सायकलीला पुरून वर नव्या टायरपुरते उरतील एवढी. मामंजींना उघड्यावर ठरलेली किंमत पटेना. घरी येईपर्यंत ते म्हणत होते, "उपरण्याखाली दोन बोटं वाढीव धरली आसती मी."

सायकल आली. ह्यांना धड चालवता येत नव्हती. पहिले चार दिवस गुडघे फोडून घेतले. पण त्यानंतर फाटक एकदाही तोंडावर बंद झालं नाही. कासारवाडीच्या खोलीचं नाव निघालं नाही. पहिली पाळी असली की दिवेलागणीच्या आधी घरी यायचे, आणि माझी भाकरी तव्यावरून थेट त्यांच्या ताटात पडायची. एवढ्याशा गोष्टीला मी किती सुख मानायचे, ते आज सांगून कुणाला खरं वाटणार नाही. पाऊस लागला तेव्हा पांदीच्या चिखलात सायकल चालेना, तर हे ती खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत जायचे. आत्याबाई म्हणायच्या, "आता ती तुज्यावर बसून चाललीय."

आषाढात नाव पक्कं झालं.

त्यानंतरच्या चतुर्थीला आम्ही दोघी पुन्हा चिंचवडला गेलो. हिंदुरावाने हाक मारली. "मावशी, ज्योतीराम कायम झाला म्हनं? मग आता सांगाय हरकत न्हाई."

अर्जुनरावांनी घड्याळ त्याच्याचकडे धुवायला आणलं होतं, आणि धुताना ती दांडी मोडली होती. अर्जुनराव समोर बसले होते, त्यांच्या डोळ्यांदेखत. "मी लई घाबरलो. त्यांनी गलासभर पानी पेलं आन म्हनले, हिंदुराव, ही गोष्ट चिखलीला जाता कामा न्हाई. पोरगं पक्कं होईपातूर तर न्हाईच. त्यो म्हातारा सायकल इकून पैसं घेऊन दारात यील. मुंबईला धा चकरा मारल्या त्यांनी, स्वताच्या खर्चानं. परवा कुटं जोड मिळाली. चाललंय आता."

आत्याबाई तिथेच टपरीच्या फळीवर बसल्या. हात जोडले, ते हिंदुरावाला की कासारवाडीच्या दिशेने, मला कळलं नाही. मी मनात म्हणत होते, त्या दिवशी आम्ही ते इथे धुवायला टाकलं असतं तर? मोडकं घड्याळ घेऊन कुठल्या तोंडाने कासारवाडीला गेलो असतो? आणि आज मी सुट्टीची वाट बघत असते.

मामंजींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीत कांद्याचं पोतं टाकलं, ज्वारी टाकली, आत्याबाईंनी तुपाची बरणी दिली. परत आम्ही तिघं.

अर्जुनराव पोतं बघूनच हात हलवायला लागले. "हे काय? तुम्ही सगळं सांगून दिलं होतं. मी समजून घेतलं होतं. आता हे घेतलं, तर मी तुमच्याकडून भरपाई घेतल्यासारखं होईल. न्या परत."

मामंजी गाडीपाशी तसेच उभे. गाडीतून आणलेलं पोतं परत कसं न्यावं, हे कळेना.

सावित्रीबाई बाहेर आल्या. "यांना नको असतील, तर मला हवेत कांदे. यांची घड्याळं काही फोडणीत पडत नाहीत. सगुणा, पोतं त्या बाजूने धर गं." आणि आम्ही दोघींनी ते थेट स्वयंपाकघरात नेलं. अर्जुनराव म्हणत राहिले, "अहो, अहो," पण तोवर सावित्रीबाईंनी विळी काढली होती.

त्या दिवशी त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. कुणाच्या घरी पाण्यापलीकडे काही न घेणाऱ्या आत्याबाई त्यांच्या चुलीपुढे बसून पिठलं ढवळत होत्या. पहिली पाळी सुटली तसे हे पिंपरीहून सायकल मारत तिथेच आले. हातपाय धुतले आणि नेहमीच्या सवयीने घाईघाईने घास घ्यायला लागले.

सावित्रीबाईंनी वाढता वाढता त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. म्हणाल्या, "पक्का झालास ना रे? मग आता जरा सावकाश जेव."